अब्जाधीश खरंच कमी कर भरतात का? पस्तीस वर्षं रिटर्नं भरणाऱ्याचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी, वर्षाला ५० लाख पगार, त्यातून जवळपास ११ लाख टीडीएस हातात येण्याआधीच कापला जातो. अब्जाधीश मात्र दोन-तीन टक्केच कर भरतात असं तुम्ही वाचलंत. हे खरं का, आणि खरं असेल तर संपत्ती कर परत आणला तर ही दरी कमी होईल का?

पहिल्याचं उत्तर: होय, जवळपास तसंच आहे, आणि त्यात बहुतेक वेळा बेकायदा काहीही नसतं. दुसऱ्याचं उत्तर: पूर्वी होता तसाच आणला तर नाही. मी १९९१ पासून नाशिकला सीए म्हणून काम करतो. माझे क्लायंट म्हणजे द्राक्ष बागायतदार, सातपूर-अंबडचे कारखानदार, डॉक्टर, बिल्डर. खऱ्या अर्थाने अतिश्रीमंत म्हणावीत अशी दोन-तीनच कुटुंबं. पण त्या दोन-तीन फायली आणि तुमच्यासारख्या पगारदारांच्या शेकडो फायली एकाच कपाटात ठेवल्यामुळे फरक रोज डोळ्यासमोर असतो.

आधी हिशेब मांडू. तुमचा पगार ५० लाख. नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ४९.२५ लाखांवर कर साधारण १०.५८ लाख, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ११ लाखांच्या आसपास. पगाराच्या २२ टक्के.

आता शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या एका कंपनीचा प्रमोटर, म्हणजे कंपनीवर ताबा असलेला मोठा भागधारक, घ्या. त्याच्या नावावर १,००० कोटींचे शेअर आहेत. कंपनीने एक टक्का लाभांश दिला, म्हणजे १० कोटी. त्यावर अधिभार (मोठ्या उत्पन्नाच्या करावर लागणारा जादा कर) आणि उपकरासकट साडेतीन कोटींच्या आसपास कर बसतो. टीव्हीवर तो म्हणेल, 'मी ३५ टक्के कर भरतो', आणि ते शंभर टक्के खरं असेल. पण त्याच वर्षी शेअरचा भाव १२ टक्क्यांनी वर गेला, तर त्याची संपत्ती १२० कोटींनी वाढली. लाभांश धरून वर्षभरात तो १३० कोटींनी श्रीमंत झाला आणि कर भरला साडेतीन कोटी. म्हणजे २.७ टक्के. तुम्ही वाचलेला आकडा असा येतो.

१२० कोटींवर कर का नाही? कारण शेअर विकले नाहीत. आपल्या आयकर कायद्यात नफा विकल्यावर होतो, भाव वाढल्यावर नाही. आणि तो विकणार कशाला? विकले तर कंपनीवरचा ताबा सैल होतो. घरखर्चाला लाभांश पुरतो, गाडी-ड्रायव्हर-प्रवास कंपनीच्या खर्चात असतो, आणि मोठी रक्कम लागलीच तर शेअर तारण ठेवून कर्ज काढता येतं. कर्ज हे उत्पन्न नसतं, म्हणून त्यावर कर नाही. सत्यम कंपनीच्या हिशेब-घोटाळ्यानंतर, २००९ पासून, प्रमोटरांनी किती शेअर तारण ठेवलेत हे जाहीर करण्याची सक्ती सेबी या बाजार नियामकाने केली. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कोणत्याही कंपनीचा भागधारणेचा तक्ता उघडा, हा आकडा तुम्हालाही दिसेल.

पगारदाराचं उत्पन्न ज्या महिन्यात होतं त्याच महिन्यात त्यावर कर कापला जातो. मोठ्या भागधारकाला आपलं उत्पन्न कधी 'होऊ द्यायचं', कोणाच्या नावावर होऊ द्यायचं आणि त्याला पगार म्हणायचं, लाभांश म्हणायचं की भांडवली नफा, हे तिन्ही बऱ्याच अंशी स्वतः ठरवता येतं. माझ्या मते अतिश्रीमंतांचा खरा विशेषाधिकार हाच. पैसा किती, हे त्यानंतर येतं.

एक न्यायाची बाजूही सांगतो. शेअरचा भाव म्हणजे खिशातली नोट नव्हे. २००८ मध्ये आणि २०२० च्या मार्चमध्ये माझ्या एका क्लायंटची कागदावरची संपत्ती काही आठवड्यांत निम्मी झालेली मी पाहिली आहे. वाढलेल्या भावावर दरवर्षी कर घेतला, तर पडलेल्या वर्षी सरकार परत देणार का, हा त्याचा प्रश्न फालतू नाही.

संपत्ती कर १९५७ साली आला, निकोलस कॅल्डॉर या अर्थतज्ज्ञाच्या अहवालानंतर, टी. टी. कृष्णमाचारी अर्थमंत्री असताना. पाठोपाठ १९५८ मध्ये देणगी कर, म्हणजे भेट-बक्षिसांवरचा कर. मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवरचं संपदा शुल्क १९५३ पासून होतंच. त्याचा सर्वांत वरचा दर एके काळी ८५ टक्के होता. आयकराचा वरचा दर १९७३-७४ मध्ये अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर पोचला. माझे गुरू, ज्यांच्याकडे मी आर्टिकलशिप केली, म्हणायचे की त्या काळात सीएचं अर्धं काम हिशेब लिहिण्याचं होतं आणि अर्धं हिशेब न लिहिण्याचं. इतके चढे दर कागदावर कडक दिसतात, पण पैसा रोखीत, सोन्यात आणि बेनामी जमिनीत पळतो. १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी संपदा शुल्क रद्द केलं तेव्हा कारण दिलं ते असं: वर्षाला जमतात जेमतेम २० कोटी, आणि गोळा करण्याचा व्याप त्या मानाने फार.

संपत्ती कराचा खरा कणा मात्र १९९२ च्या अर्थसंकल्पात मोडला, तोही बिनबोभाट. १ एप्रिल १९९३ पासून शेअर, रोखे, बँकेतल्या ठेवी या 'उत्पादक' मालमत्ता म्हणून करातून वगळल्या. उरलं काय? दुसरं घर, मोटारगाडी, दागिने, शहरातली मोकळी जमीन, विमान, नौका, ५० हजारांवरची रोकड. नाशिकमध्ये नौका आणि विमान असलेला क्लायंट मला कधी भेटला नाही. भेटल्या त्या दागिन्यांच्या पेट्या आणि मोकळे प्लॉट.

ही विवरणपत्रं मी स्वतः वीसेक वर्षं भरली आहेत, म्हणून सांगतो. पुढे मर्यादा ३० लाख झाली, त्यावर एक टक्का. एका बाईंची गंगापूर रोडला वडिलोपार्जित मोकळी जमीन होती. उत्पन्न शून्य, भाऊबंदकीचा दावा चालू, विकता येईना. पण भाव वाढले म्हणून दरवर्षी त्यांना संपत्ती कर भरावा लागे, तोही निवृत्तिवेतनातून. त्याच वर्षांत दुसऱ्या एका क्लायंटकडे कोट्यवधींचे शेअर होते आणि संपत्ती कर शून्य, कारण शेअर कायद्यात बसतच नव्हते. दुसरा फ्लॅट वर्षात ३०० दिवसांहून जास्त भाड्याने दिला की तोही सुटे. मग भाडेकरार ३०० दिवसांच्या वर जाईल असा बेतायचा, हे आमचं मार्चमधलं काम. जवाहिऱ्याकडून दागिन्यांचं मूल्यांकन आणायला गेलं की घरातल्या बायका आधी निम्मे दागिने माहेरच्या नावावर सांगायच्या.

२०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी हा कर रद्द केला. त्यांनी सांगितलेला आकडा होता १,००८ कोटी: २०१३-१४ मधली सबंध देशाची वसुली. बदल्यात कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार, ज्यातून ९,००० कोटी अपेक्षित होते. मी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला, आणि आजही तो निर्णय चुकीचा होता असं म्हणणार नाही. तो कर श्रीमंतांवर नव्हताच. मोकळी जमीन आणि बांगड्या असणाऱ्यांवर होता. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, जुना होता तसा आणून काही साधणार नाही.

पण बदल्यात आलेल्या अधिभारातही एक मेख होती. अधिभार उत्पन्नावर लागतो, आणि उत्पन्न केव्हा दाखवायचं हे तर आधीच सांगितलं.

आता सत्तेविषयी, कारण तुम्ही शेवटी विचारलंय की 'कायदे यांच्यासाठीच बनतात का?' मी कटकारस्थानांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. २०१९ च्या तीन शुक्रवारांची गोष्ट सांगतो, तुम्हीच ठरवा.

५ जुलै २०१९ ला निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्प मांडला. दोन ते पाच कोटी उत्पन्नावर अधिभार २५ टक्के आणि पाच कोटींवर ३७ टक्के झाला. सर्वोच्च दर ४२.७४ टक्के. वर्तमानपत्रांत 'अतिश्रीमंतांवर कर' असे मथळे. हा अधिभार परदेशी गुंतवणूकदारांच्या काही फंडांनाही लागत होता, कारण ते ट्रस्टच्या रूपात नोंदले होते. त्यांनी विक्री सुरू केली, बाजार घसरला. २३ ऑगस्टला शेअर विक्रीच्या नफ्यावरचा वाढीव अधिभार मागे घेतला. २० सप्टेंबरला जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी गोव्यात पत्रकार परिषद झाली आणि कंपन्यांचा मूळ करदर सवलती सोडणाऱ्यांसाठी २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा झाली, अध्यादेश काढून. सरकारनेच सांगितलेली महसुली तूट १ लाख ४५ हजार कोटी. सेन्सेक्स त्या एका दिवसात १,९२१ अंकांनी चढला. ५ जुलै ते २० सप्टेंबर, बरोबर अकरा आठवडे.

कंपनी कर कमी करण्यामागे आर्थिक तर्क होता. शेजारचे देश कमी दराने कारखाने ओढत होते, हे मान्य. मुद्दा वेगाचा आहे. पगारदाराची प्रमाणित वजावट ५० हजारांची ७५ हजार व्हायला २०१९ पासून २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. पगारदार बाजार पाडू शकत नाही. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला मोर्चा काढावा लागत नाही. त्याने पैसा हलवला की मंत्रालयाला कळतं.

ती अधिभाराची सवलत पुढे पसरत गेली. आज शेअरच्या नफ्यावर आणि लाभांशावर अधिभार १५ टक्क्यांहून जास्त लागत नाही. २०२२ पासून सर्वच दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याला तीच मर्यादा. म्हणजे शंभर कोटींचे शेअर नफ्यात विकणाऱ्याचा कर १२.५ टक्के, अधिभार-उपकर धरून १४.९५. तुमचा सरासरी दर २२. आणि ऑक्टोबर २००४ ते मार्च २०१८ या काळात तर बाजारात विकलेल्या शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर करच नव्हता. २०१८ मध्ये कर परत आला तेव्हाही ३१ जानेवारी २०१८ पर्यंत झालेली वाढ कायमची माफ केली. दहा रुपयांचा शेअर तोवर हजाराला गेला असेल, तर त्या ९९० रुपयांवर कधीच कर लागणार नाही, विका केव्हाही.

दुसरी गोष्ट निवडणूक निधीची. कंपनी कायद्यात अट होती की कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय पक्षांना देणगी द्यावी. २०१७ च्या वित्त कायद्याने ती मर्यादा काढली, आणि कोणत्या पक्षाला किती दिलं हे नफा-तोटा पत्रकात दाखवण्याची सक्तीही. सोबत निवडणूक रोखे आले, म्हणजे नाव उघड न करता पक्षाला देणगी देण्याची सोय. ऑडिटर म्हणून हे मला फार खुपलं होतं. चहा-पाण्याच्या खर्चाची पावती आम्ही मागतो, आणि इथे तोट्यातली कंपनीही कोट्यवधी देऊ शकते आणि भागधारकाला नाव कळणार नाही. १५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने दोन्ही गोष्टी घटनाबाह्य ठरवल्या. तोवर १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले होते. पुढे यादी प्रसिद्ध झाली तेव्हा सर्वांत मोठा खरेदीदार निघाला तो लॉटरी व्यवसायातला, १,३६८ कोटींचा. लॉटरी हा धंदा सरकारी परवान्यावर चालतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शेती उत्पन्नाबद्दल थोडं, कारण नाशिककराने ते टाळणं बरं दिसणार नाही. शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, आणि लहान शेतकऱ्यासाठी ते योग्यच आहे. पण महाराष्ट्राच्या जमीनधारणा कायद्यात बारमाही बागायतीची कमाल मर्यादा सर्वसाधारण कुटुंबाला १८ एकर, कोरडवाहूची ५४ एकर. एवढ्या जमिनीतून वर्षानुवर्षं काही कोटींचं निव्वळ उत्पन्न दाखवणारी विवरणपत्रं पाहिली की माझे बागायतदार क्लायंट हसतात. 'साहेब, हे कोणतं वाण लावतात, आम्हालाही रोपं द्या म्हणावं.' मी असं रिटर्न भरायला दोनदा नकार दिला. दोन्ही वेळा ते दुसऱ्या कुणीतरी भरलं.

आणि व्यवसाय कर. तुमच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० जातात, वर्षाचे २,५००. घटनेच्या २७६ व्या कलमातच ती कमाल मर्यादा आहे. कंपनीचा व्यवस्थापकीय संचालकही वर्षाला तेवढेच २,५०० भरतो.

मग दरी किती? जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. आकड्यांच्या पद्धतीवर अर्थतज्ज्ञ वाद घालतात, घालू देत. पण एक गोष्ट मी कपाटातून सांगू शकतो: श्रीमंतांच्या संपत्तीची नीट नोंद सरकारकडे नाही. रिटर्नमध्ये मालमत्ता आणि देणी दाखवण्याचं एक परिशिष्ट आहे. ते कोणी भरायचं? उत्पन्न ५० लाखांवर असेल त्याने; आता ती मर्यादा एक कोटी केली आहे. म्हणजे संपत्तीची यादी द्यायची की नाही हे उत्पन्नावर ठरतं! ८०० कोटींचे शेअर असलेल्याचं करपात्र उत्पन्न ९० लाख असेल, तर ते परिशिष्ट त्याला लागूच नाही. आणि भरलंच तरी त्यात शेअरची खरेदी किंमत लिहायची असते, आजचा भाव नाही. आजोबांनी १९७० साली दहा रुपयांना घेतलेला शेअर आजही त्यात दहाच रुपयांचा.

आता 'मग करायचं काय' याकडे. मला विचाराल तर दरवर्षीच्या संपत्ती करापेक्षा वारसा कर बरा. दरवर्षी मूल्यांकनाचं झेंगट नाही, आणि ज्याने धंदा उभा केला त्याच्या हयातीत त्याला कुणी छेडत नाही. सध्याची स्थिती अशी की बाप मुलाला हजार कोटींचे शेअर बक्षीस देऊ शकतो आणि दोघांनाही एक रुपयाही आयकर नाही. देणगी कर १९९८ ला गेला, आणि नंतर भेटींवर जो कर आला त्यातून नातेवाईक वगळले आहेत. महाराष्ट्रात मुलाला राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये. ही सवलत सामान्य माणसासाठी चांगली आहे, तिला हात लावू नये. पण घर-शेती आणि हजार कोटींची कंपनी यांना एकच नियम का?

वारसा कर आला की उद्योग बुडतात, असं ऐकवलं जातं. दक्षिण कोरियात सॅमसंगचे ली कुन-ही २०२० मध्ये गेले. तिथे वारसा कराचा वरचा दर ५० टक्के. कुटुंबाने १२ लाख कोटी वॉनहून जास्त कर पाच वर्षांत सहा हप्त्यांनी भरायचं ठरवलं, त्यासाठी काही शेअर विकले, कर्जं काढली. सॅमसंग अजून फोन विकते आहे आणि मुलगाच प्रमुख आहे.

आपल्याकडे मी मर्यादा खूप वर ठेवीन, समजा ५० कोटी. त्याखाली कुणाला फॉर्मसुद्धा भरायला लावणार नाही. हप्ते दहा वर्षांचे. कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये संपत्ती टाकून (मग माणसाच्या नावावर वारसांना जायला काही उरतच नाही) सुटका करून घेता येणार नाही अशी तरतूद पहिल्याच दिवसापासून, कारण आम्ही सीए लोक पहिलं काम तेच करू. त्याआधी दोन सोप्या गोष्टी: नफा आणि लाभांशावरची १५ टक्के अधिभाराची मर्यादा काढणं, आणि ते मालमत्तेचं परिशिष्ट उत्पन्नाऐवजी संपत्तीवर लागू करून बाजारभावाने भरून घेणं. यातल्या शेवटच्या गोष्टीला एक पैसा कर लागत नाही.

होईल का? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारसा कराचा नुसता उल्लेख झाला, तर एका मोठ्या पक्षाने त्यावरून रान उठवलं आणि दुसऱ्याने तो आपला विचारच नाही म्हणून हात झटकले. ज्यांच्याकडे वारसांना द्यायला दोन खोल्यांचं घर आहे अशी माणसं माझ्या ऑफिसात येऊन विचारत होती, 'साहेब, आमचं घर सरकार घेणार का हो?'

गेल्या दिवाळीत त्या दोन-तीन मोठ्या क्लायंटांपैकी एकाकडे फराळाला गेलो होतो. वय ऐंशीच्या घरात, डोकं तल्लख. मी हे सगळं त्यांना ऐकवलं. चकली मोडत म्हणाले, 'आणा की. आमचं काय, एक ट्रस्ट अजून करू. तुमची फी तेवढी वाढेल.'

त्यांचा सध्याचा ट्रस्टडीड मीच वाचून दिलेला आहे, तेव्हा मी काय बोलणार? दुसरी चकली घेतली.